जुन्या ट्रॅक्टरचे कॉम्प्रेशन कसे तपासावे

उसाचा हंगाम तोंडावर आला, की वाळवा-कराड भागातील जुने बी-२७५ किंवा मॅसी १०३५ ट्रॅक्टर पुन्हा ट्रॉलीला जुंपले जातात आणि भरल्या ट्रॉलीखाली दम सोडणारे इंजिन पाहून अनेक मालक ते थेट बांधायला (पूर्ण खोलून दुरुस्त करायला) काढतात. त्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, मोजावेच, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांचा आहे की हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, हे कळल्याशिवाय केलेला खर्च बऱ्याचदा चुकीच्या जागी जातो.

पेट्रोल गाड्यांचा गेज येथे उपयोगाचा नाही. डिझेल इंजिनातील दाब साधारणपणे ३५० ते ५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांतील दाब) असल्यामुळे १,००० पीएसआयपर्यंत मोजणारा गेज आणि नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) जागी नेमका बसणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील, अंतर आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावे. ते घट्ट असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि चांगल्या सिलिंडरचाही आकडा खाली येतो. बॅटरी पूर्ण चार्ज असावी, एअर क्लीनर साफ असावा.

इंजिन कामाइतके तापवून बंद करावे, गिअर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक लावावा आणि स्टॉपची (डिझेल बंद करण्याची) दांडी ओढून बांधून ठेवावी, म्हणजे सेल्फ मारताना (स्टार्टरने इंजिन फिरवताना) डिझेल उडणार नाही. पंपाच्या दाबाचा फवारा कातडीत शिरू शकतो, म्हणून येथे हयगय नको. नोझलभोवतीची माती झाडून सर्व नोझल क्रमाने काढावेत, नळ्यांची तोंडे झाकावीत आणि तांब्याचा जुना वॉशर खाचेत राहिला नाही ना, हे पाहावे. मग एकेका सिलिंडरला गेज लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारावा. प्रत्येक सिलिंडरला तेवढाच वेळ द्यावा.

एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलतो. सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा एखादा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. जास्त ऑइल मुळीच टाकू नये. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते, की ऑइल दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आकडा लक्षणीय वाढला, तर रिंगा किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजले आहेत. तसाच राहिला, तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची सीलपट्टी) फुटलेले असते आणि तेवढ्यासाठी लायनर काढण्याची गरज नसते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर हवा विरळ असल्याने सर्वच आकडे सांगलीपेक्षा कमी येतात. तो दोष समजू नये. नोझल परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि नळ्या पूर्ण आवळण्यापूर्वी लाइनमधील हवा काढावी.