ऑपरेशनच्या जखमेतून रक्तस्राव : कोडिंग करताना या चुका टाळा

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणारी, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून बिलासाठी आजार-उपचारांना ठरलेले कोड देणारी, नवी मुलं एका जागी हमखास अडकतात. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या चार्टमध्ये रक्त दिसलं की हात थेट कॉम्प्लिकेशनच्या (ऑपरेशनमुळे झालेल्या गुंतागुंतीच्या) कोडकडे जातो.

नर्सने ‘ड्रेसिंग भिजलं, बदललं’ एवढंच लिहिलं असेल, तर कॉम्प्लिकेशनचा कोड लावू नका. ताज्या जखमेतून थोडं रक्त झिरपणारच. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतल्या निदानाच्या कोडयादीच्या) नियमांप्रमाणे रक्तस्रावाचा ऑपरेशनशी संबंध डॉक्टरांच्या नोंदीतून दिसला पाहिजे आणि रक्तस्राव दखल घेण्याजोगा असला पाहिजे. ‘कॉम्प्लिकेशन’ हा शब्दच हवा, असं मात्र नाही.

एक चार्ट बघू. इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाचं ओपन ऑपरेशन, सीपीटी (उपचारांच्या कोडयादीतला कोड) ४९५०५. पाचव्या दिवशी पेशंट परत आला. सर्जनची नोंद: कातडीखालून पोस्ट-ऑप रक्तस्राव, १५ मिनिटं दाब, दोन टाके, जखमेच्या कडा जुळलेल्या. इथे कोड एल७६.२२, म्हणजे इतर ऑपरेशननंतर कातडीतून किंवा तिच्याखालून रक्तस्राव. एल७६.२१ नाही, कारण तो त्वचेवरच्या प्रोसीजरनंतरचा. एल७६.०२ नाही, तो ऑपरेशन चालू असतानाच्या रक्तस्रावाचा. रक्त आत साठून गाठ झाली असती, तर एल७६.३२. टाके उसवून जखम उघडली असती, तरच टी८१.३१एक्सए. आणि ‘जखम’ वाचून एस३१ लावणं ही तर फार मोठी चूक; ते कोड इजेसाठी आहेत, सर्जनने घेतलेल्या छेदासाठी नाहीत.

टी८१मधला शेवटचा ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असा समज सर्रास आढळतो. ‘ए’ म्हणजे त्या तक्रारीवर सक्रिय उपचार चालू आहेत. भेट तिसरी असली तरी ‘ए’च.

आता पैशांचा भाग, डिनायल (विम्याने बिल नाकारणं) इथेच येतात. ४९५०५ला ९० दिवसांचा ग्लोबल कालावधी आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांची नंतरची काळजी ऑपरेशनच्या पैशांतच धरलेली असते. त्या काळात त्याच सर्जनने ओपीडीत दाब दिला, टाका घातला, तर मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) वेगळे पैसे देत नाही. वेगळे पैसे मिळायला पेशंटला पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यावं लागतं आणि मग मॉडिफायर ७८ (कोडला जोडायचा जादा आकडा) लागतो. त्यात फक्त ऑपरेशनपुरता वाटा मिळतो, नवा ग्लोबल कालावधी सुरू होत नाही. खासगी विमा कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, त्यांची पॉलिसी उघडून बघा. म्हणून काळजी कुठे घेतली, वॉर्डात की ओटीत, हे वाचल्याशिवाय चार्ट बंद करू नका.

हिमोग्लोबिन १२वरून ८वर आलं म्हणून आपणच डी६२ (रक्तस्रावामुळे झालेल्या तीव्र ॲनिमियाचा कोड) लावायचा नाही. ते निदान डॉक्टरांनी लिहायला हवं. नसेल तर क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) पाठवा, पण उत्तर सुचवू नका. ‘हा पोस्ट-ऑप रक्तस्रावच ना?’ असं विचारणं चूक. असं लिहा: ‘पाचव्या दिवशी ड्रेसिंग भिजल्याची आणि टाके घातल्याची नोंद आहे. कृपया निदान आणि ऑपरेशनशी संबंध असल्यास तो स्पष्ट करावा.’

जाता जाता, पेशंटच्या घरातल्यांसाठी. जखमेतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग १० ते १५ मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद किंवा कॉफी पावडर अजिबात भरू नका. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, सर्जनला फोन करा. रक्त थांबत नसेल, किंवा चक्कर येऊन अंग गार पडत असेल, तर महाराष्ट्रात अँब्युलन्ससाठी १०८ लावा.