तलाठी की ग्रामसेवक? गावातल्या कामाचा अर्ज देताना या चुका टाळा

गावातलं काम रेंगाळतं ते बऱ्याचदा अर्ज भलत्याच टेबलावर पडल्यामुळे. महाराष्ट्रात गावपातळीवर दोन स्वतंत्र साखळ्या आहेत. महसुलाची साखळी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी अशी वर जाते. पंचायत राजची साखळी ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी अशी. (कागदोपत्री तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले आहेत, बोलण्यात जुनीच नावं आहेत.) ग्रामसेवकाची तक्रार तहसीलदाराकडे दिली तर फार तर ‘पंचायत समितीकडे वर्ग’ असा शेरा पडतो आणि तुमचे आठवडे जातात.

8 आणि 8-अ

बँक 8-अ मागते आणि माणूस घरपट्टीचा उतारा घेऊन जातो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा 8-अ म्हणजे खातेदाराच्या नावावर त्या गावात असलेल्या सगळ्या जमिनीचा गटवार गोषवारा.

याहून महाग पडते ती दुसरी चूक: नमुना 8 वर नाव आहे एवढ्यावर घराचा व्यवहार करणं. हा उतारा घरपट्टी कोणाकडून घ्यायची ते सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. नोंदणीकृत दस्त बघा; गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) बघा. ती ना तलाठ्याकडे, ना ग्रामपंचायतीत. ती तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. बांधाच्या वादात मोजणीचा अर्जही तिथेच जातो.

वारसाचं नाव लागलं, पण कुठे?

वडिलांच्या पश्चात ग्रामपंचायतीत घराला वारसांची नावं लावली की लोक निश्चिंत होतात. सातबारा तसाच राहतो. जमिनीसाठी तलाठ्याला वेगळी वर्दी द्यावी लागते, तीही हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत. मग गाव नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित झालेली नोंद चुकीची असली तरी तलाठी ती खोडू शकत नाही. सरपंचाचा तर इथे संबंधच नाही. तरी लोक सहा-सहा महिने या दोघांच्या मागे फिरतात आणि प्रांताकडे अपील करायची 60 दिवसांची मुदत हातची जाते. उशीर झालाच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, कारणाच्या कागदांसह.

जन्मनोंद

नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. तालुक्याच्या नगरपरिषद हद्दीतल्या दवाखान्यात बाळ जन्मलं तर दाखला नगरपरिषदेकडे मागायचा; ग्रामसेवक तो देऊच शकत नाही. कळवायची मुदत 21 दिवस. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणून हे काम बारशाआधीच उरकावं.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तर

घरपट्टी, पाणी, बांधकाम परवानगी नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जाते आणि ग्रामसभा संपते. सातबारा मात्र तलाठ्याकडेच राहतो. जुन्या घरपट्टीच्या पावत्या टाकू नका. नव्या आकारणीत नाव चुकलं तर त्याच उपयोगी पडतात.

कोरम नाही म्हणून घरी जाणं

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या पुरते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. ज्या ठरावांवर पुढे गावभर ओरड होते, त्यांतले बरेच अशाच सभेत मंजूर झालेले असतात. पहिल्या सभेला आलात तर तहकूब सभेलाही या.

खड्डा कोणाचा?

रस्त्याचा वर्ग बघा. ग्रामीण मार्ग आणि ‘इजिमा’ म्हणजे इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे; ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा क्रमांक काय? माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.