प्लेटलेट एडीपीला किती दाद देतात, हे प्रकाशाने कसं मोजावं

प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणारे बारीक पेशी-कण) तरंगत असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ द्रव, दुधट दिसतो, कारण त्यातला प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. एडीपी या चेतवणाऱ्या द्रव्याने कण एकमेकांना चिकटले की विखुरणारे कमी होतात आणि नळीपलीकडे जास्त प्रकाश पोचतो. १९६२ मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी याच तत्त्वावर प्लेटलेटची चाचणी मांडली. हा प्रकाश मोजणारं अ‍ॅग्रीगोमीटर साधं यंत्र आहे. घोळ होतो तो बहुधा नमुना तयार करताना.

रक्त देणाऱ्याने निदान ७ ते १० दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. २१ गेजची सुई वापरा आणि पहिले ३-४ मिली रक्त या चाचणीसाठी घेऊ नका. ९ भाग रक्ताला १ भाग ३.२ टक्के सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) हे प्रमाण पाळा. नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, जोरात हलवू नका. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एडीपी बाहेर येतं, आणि मग प्लेटलेट तुम्ही घातलेल्या एडीपीला दाद देत नाहीत. नमुना बर्फात किंवा फ्रीजमध्येही नको. गारव्याने प्लेटलेट चपटा आकार सोडून गोल होतात.

खोलीच्या तापमानाला २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, ब्रेक बंद ठेवून. आकडा आरपीएमचा नाही, जीचा आहे. रोटरच्या त्रिज्येवरून हिशोब करून घ्या. वरचा थर, म्हणजे पीआरपी (भरपूर प्लेटलेट असलेला प्लाझ्मा), प्लास्टिकच्या पिपेटने काढा आणि तांबड्या थराच्या जवळ जाऊ नका. उरलेलं १५०० जी वर १५ मिनिटं फिरवलं की पीपीपी (जवळजवळ प्लेटलेट नसलेला प्लाझ्मा) मिळतं. पीआरपी झाकण लावून १५ ते ३० मिनिटं स्वस्थ ठेवा. उघडं राहिलं तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि आलेख बिघडतो. रक्त काढल्यापासून ४ तासांत काम संपवा. प्लाझ्मा तेलकट, धुरकट असेल तर तो नमुना सोडून द्या. चरबीचे थेंबही प्रकाश विखुरतात.

तापमान ३७ अंश सेल्सिअस, ढवळणं १००० आरपीएम. पलीकडे पोचणारा प्रकाश पीआरपीला ० आणि पीपीपीला १०० टक्के धरा. क्युव्हेटमध्ये (यंत्रातल्या छोट्या पारदर्शक नळीत) ४५० मायक्रोलिटर पीआरपी घ्या आणि मिनिटभर नुसती रेषा बघा. ती थरथरत असली पाहिजे, कारण ढवळताना चपटे प्लेटलेट उलटसुलट होत प्रकाश कमीजास्त विखुरतात. थरथर नसेल तर प्लेटलेट आधीच चेतलेले आहेत, पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता हव्या असलेल्या अंतिम मात्रेच्या दसपट तीव्रतेचं ५० मायक्रोलिटर एडीपी घाला आणि किमान ५ मिनिटं नोंद घ्या. रेषा आधी जराशी खाली जाते, कारण प्लेटलेट गोल होतात. मग वर चढते. या सुरुवातीच्या खळग्याकडे बरेच जण बघतच नाहीत. ५० मायक्रोलिटरने नमुना पातळ होतो, रेषा उडी मारते आणि खळगा झाकला जातो. आकारबदलच मोजायचा असेल तर शंभरपट तीव्रतेचं ५ मायक्रोलिटर घाला आणि गुठळी थांबवायला एडीपीच्या अगदी आधी ५ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं द्रव्य) टाका. एड्रिनलिनने हा खळगा येत नाही, म्हणून ते चांगलं तुलनेचं माप ठरतं.

संवेदनशीलता एका मात्रेवर ठरत नाही. एडीपीच्या ०.५, १, २, ५ आणि १० मायक्रोमोलर अशा मात्रा लावा, प्रत्येक वेळी नवी क्युव्हेट. शेवटी पहिली मात्रा पुन्हा लावा, म्हणजे नमुना थकलाय का ते कळेल. लॉग मोजपट्टीवर आलेख काढून निम्म्या प्रतिसादाची मात्रा काढा. नुसतं १० मायक्रोमोलर लावलं तर बहुतेक निरोगी नमुने सारखेच दिसतात.

चयापचय तपासायला हाच खटाटोप करा, पण धुतलेल्या प्लेटलेटवर, ग्लुकोज नसलेल्या बफरमध्ये. फायब्रिनोजेन, म्हणजे प्लेटलेट एकमेकांना जोडणारं प्रथिन, मात्र वेगळं घालावं लागतं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दोन वाटांनी बनतं: मायटोकॉन्ड्रियात आणि ग्लायकोलिसिसने, म्हणजे ग्लुकोज फोडून. मायटोकॉन्ड्रिया रोखायला अँटिमायसिन, ग्लायकोलिसिस रोखायला २-डीऑक्सिग्लुकोज. प्लाझ्मामधलं ग्लुकोज या दुसऱ्या द्रव्याशी स्पर्धा करतं, म्हणून तिथे परिणाम फिका पडतो. एकच वाट बंद केली तर दुसरी बरीचशी भरपाई करते. दोन्ही बंद झाल्या की एटीपी संपतं आणि गुठळी मंदावते. प्लेटलेटच्या आतल्या कणिकांतलं द्रव्य बाहेर टाकायला गुठळीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून ते आधी ढासळतं. अँटिमायसिन इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल, तर तेवढंच इथेनॉल घातलेली एक क्युव्हेट शेजारी चालवा. नाहीतर मंदावलेली रेषा द्रव्यामुळे की द्रावकामुळे, हे सांगता येणार नाही.