काका घरी येण्याआधी

दारूने स्मरणशक्तीवर घाला घातलेलं वडीलधारं माणूस दवाखान्यातून घरी येणार म्हटलं की धावपळ सुरू होते ती खोली आवरण्याची, फळं आणण्याची. त्याआधी डिस्चार्जचा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनमधून किती दिवस दिलं? आता गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, किती महिने? उत्तरं तिथंच लिहून घ्या. शरीरातला थायमिनचा साठा असतो जेमतेम तीसेक मिलिग्रॅम. भर पडली नाही तर तो दोन-तीन आठवड्यांत आटतो. पिणाऱ्याचं जेवण आधीच तुटलेलं असतं, त्यात दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलंही जात नाही. थायमिनशिवाय मेंदूला साखर वापरता येत नाही, आणि आठवणी साठवणाऱ्या भागांना इजा होते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये यातला तातडीचा आजार नोंदवला आणि कोर्साकोफ यांनी १८८७ पासून त्यामागून येणारा विसराळूपणा. म्हणून कागदावर आजाराचं नाव ‘वेर्निके-कोर्साकोफ’ असं जोडून दिसेल.

‘भाजी-भाकरी नीट खाल्ली की गोळ्या कशाला’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना शांतपणे सांगा, की निरोगी माणसाची रोजची गरज दीडेक मिलिग्रॅमची असते, तर उपचाराची गोळी बहुतेकदा शंभर मिलिग्रॅमची. तेवढं कुठल्याही ताटातून मिळत नाही. गोळी चालूच राहील आणि जेवण तिच्या जोडीला असेल.

त्याच बैठकीत मॅग्नेशियम, फॉस्फेट, पोटॅशियम, ब-१२, फॉलिक ॲसिड, हिमोग्लोबिन, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट मागून घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं थायमिन कामाला लागत नाही. शाकाहारी घरातल्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या काकांचं ब-१२ बहुधा कमी निघतं. ते न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. लोहाची गोळी मात्र रिपोर्टशिवाय मनाने सुरू करू नका.

आता जेवणाबद्दल. पहिला धोका जास्त खायला घालण्याचा आहे, आणि प्रेमाच्या माणसांना हेच पटत नाही. आठ-दहा दिवस काका जवळपास उपाशी असतील आणि घरी आल्याआल्या शिरा, गुळाचा चहा, भाताचा डोंगर असं झालं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतं. हृदयाची लय बिघडेपर्यंत हे जातं. किती कॅलरीपासून सुरुवात करायची, किती दिवसांत वाढवायचं आणि रक्त परत कधी तपासायचं, हे आहारतज्ज्ञांकडून आकड्यांत लिहून घ्या.

हा टप्पा पार झाला की प्रथिनांचा हिशेब. यकृत दुबळं आहे म्हणून डाळी-अंडी बंद करा, हा सल्ला जुना झाला. यकृताच्या आजारात आता वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर बदलतील. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. एका जेवणात हे बसत नाही. दोन-अडीच तासांनी थोडं थोडं असे सहा वेळा ठरवा. त्यातला रात्री झोपण्याआधीचा फराळ चुकवू नका. दुबळ्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसल्यामुळे रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू तोडून इंधन मिळवतं. दूध-पोळी किंवा मेतकूट-तूप-मऊभात, एवढं पुरतं.

डब्यांत काय असावं? मुगाची डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट, थालीपीठाची भाजणी, नाचणी, ज्वारी. दात नसतील किंवा कवळी सैल झाली असेल तर भाकरी दुधात कुस्करून किंवा आमटीत भिजवून. अंडी आणि मासे चालत असतील तर उत्तमच. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ब-१ फारसं उरत नाही. कोकणात आणि गोव्यात वापरला जाणारा उकडा तांदूळ इथं फार उपयोगी आहे, कारण उकडताना कोंड्याजवळचं ब-१ दाण्याच्या आत शिरतं. तांदूळ चार-चार पाण्यांतून धुऊ नका, पेज ओतून देऊ नका, आणि डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा तर नकोच, त्याने ब-१ नष्ट होतं. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी करायला सांगतील. मग पापड-लोणचं टेबलावरून हलवायचं, आणि वजन वाढलं म्हणून आनंदायचं नाही, ते पाण्याचं असू शकतं.

जेवणाला लागून कडक चहा नको, तासभर अंतर असू द्या. सुपारी पूर्ण बंद. चहातल्या टॅनिनमुळे ब-१ कमी शोषलं जातं आणि सुपारीही त्याच्या आड येते.

यानंतर औषधांचं कपाट उघडा. बाटल्या ओतून दिल्या असतील, पण दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट, द्राक्षासव यांच्यात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि ते लेबलवर लिहिलेलं असतं. खोकल्याची काही औषधं आणि काही टॉनिकंही तशीच. काकांना डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास होईल असं दारू सोडवण्याचं औषध, दिलं असेल तर हा थेंबही महागात पडतो. गुळवेलीचा काढाही ठेवू नका. करोनाच्या काळात तो घेतलेल्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

सगळ्यात जास्त विचार मागतो तो विसराळूपणा. ‘जेवलात का?’ या प्रश्नाचं उत्तर ग्राह्य धरू नका. काका ठामपणे सांगतील, की सकाळीच ताईकडे पोहे खाऊन आलो, आणि ताई गेली दहा वर्षं नागपूरला असेल. ते खोटं बोलत नाहीत. आठवणीतली रिकामी जागा मन स्वतःच भरून काढतं. वाद घालू नका, ताट वाढा. फ्रिजला वही टांगा. वेळ, काय खाल्लं, किती उरलं, गोळी कुणी दिली, पुढे सही. गोळी देण्याचं काम एका वेळी एकाच माणसाकडे, नाहीतर एक तर दोनदा दिली जाते किंवा दिलीच जात नाही. जेवणाची वेळ, खुर्ची आणि ताट रोज तेच ठेवा. पांढऱ्या ताटलीत दहीभात नीट दिसत नाही, रंगीत ताटली घ्या. हात थरथरत असेल तर मोठ्या कानाचा कप, अर्धाच भरलेला. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ताठ बसवा आणि डॉक्टरांना कळवा. गॅसचा कॉक रात्री बंद.

उपासाचा प्रश्न येणारच. काकांनी चाळीस वर्षं एकादशी केली असेल, तर ‘बंद करा’ म्हटल्याने त्यांना लागेल. त्यांना आदराने सांगा, की आजारी माणसाला उपासातून सूट असते, आणि त्यांच्याऐवजी घरातलं दुसरं कुणी तो दिवस धरेल. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते.

काका अजून पीत असतील आणि घरच्या घरी एकदम दारू बंद करायचा बेत असेल, तर थांबा. रोजच्या सवयीच्या माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी आणि भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मनावरच्या ताणासाठी टेलिमानस १४४१६. दुसरा नंबर काळजी घेणाऱ्या काकूंसाठीही आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: बुबुळं आपोआप थरथर हलताना दिसली, नजर दुहेरी झाली, चाल अचानक झोकांड्या खाऊ लागली, गुंगी किंवा गोंधळ वाढला, उलट्या थांबेनात, की १०८ ला फोन. दवाखान्यात पोचताच ग्लुकोजची बाटली लावण्याआधी सांगायचं, ‘यांना दारूचा इतिहास आहे, थायमिन द्या.’ अभाव असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, बाईंना आणि शेजाऱ्यांनाही पाठ असू द्या.