विज्ञानावर लिहायला घेतलंय? आधी या चुका टाळा

बरीच वर्षं मी लोकांचे विज्ञानावरचे लेख तपासून देते, आणि खरं सांगू, दर दुसऱ्या लेखात त्याच त्याच चुका बघून आता जीव वैतागलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात जास्त चिडते ती टक्क्यांवर. "धोका इतक्या टक्क्यांनी वाढतो" असं लिहून मोकळे होतात. अरे पण कशाचे टक्के? 2015 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, गट 1 मध्ये टाकलं आणि सांगितलं की रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. तंबाखूही त्याच गटात आहे. झालं, लगेच एका नवख्या मुलाचा लेख माझ्याकडे आला, मथळा "सॉसेज सिगारेटइतकंच घातक", आणि आत लिहिलेलं की खाणाऱ्या शंभरातल्या 18 जणांना कॅन्सर होणार. फोन करून विचारलं, मूळ निवेदन वाचलंस का रे? तर म्हणे, "ताई, चार बातम्या वाचल्या, आजच टाकायचाय, उद्या कोण वाचणार." गट 1 चा अर्थ एवढाच की कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे, धोका केवढा ते त्यातून कळतच नाही. आणि 18 टक्के हे मूळ धोक्याचे. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात शंभरातल्या साधारण सहा जणांना हा कॅन्सर होतो, त्या सहाचे 18 टक्के काढा, शंभरामागे एखादा माणूस वाढतो. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही तो लेख पुन्हा लिहिला, एक दिवस उशिरा गेला, काही बिघडलं नाही.

मी याबाबत एवढी हट्टी का, तर 1995 मुळे. तेव्हा ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, तर सात हजार बायकांमध्ये एकीच्या जागी दोघी. लोकांपर्यंत पोचलं फक्त "दुप्पट". घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात अंदाजे 13,000 नी वाढले. वर गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. एका शब्दाने एवढं होतं. म्हणून टक्के दिसले की मी थांबते, हजार माणसं डोळ्यांसमोर आणते आणि आधी किती होती, आता किती, ते आकड्यात लिहिते. मूळ आकडा सापडला नाही तर टक्केही काढून टाकते, कितीही चटपटीत वाटले तरी.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे उपमा. विश्व प्रसरण पावतंय हे सांगायला सगळे फुगा घेतात, मीही घेतला होता. फुग्यावर ठिपके काढा, फुगवा, ठिपके लांब जातात, छान. मग वाचकांचे प्रश्न आले की फुग्याचा मध्य कुठे, आणि फुग्याच्या बाहेर काय आहे? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, मी दिलेल्या फुग्याला मध्यही होता आणि बाहेरही होतं. त्या उपमेत विश्व म्हणजे फक्त फुग्याचं रबर, पृष्ठभाग, आतली हवा नाही, हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून उपमा दिली की ती कुठे तुटते ते पुढच्याच वाक्यात सांगते. असं केल्याने मजा जाते असं नवे लोक म्हणतात, मला नाही पटत.

घाईबद्दलही बोलायलाच हवं. सप्टेंबर 2011 मध्ये न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने गेले अशी बातमी आली, 60 नॅनोसेकंद लवकर पोचले म्हणे. खुद्द ते मोजणारे शास्त्रज्ञ सांगत होते की आमचं कुठे चुकतंय का ते बघा, आणि इकडे "आइनस्टाइन चुकला" म्हणून लेख पडलेसुद्धा. पुढच्या वर्षी कळलं, फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. असा दावा आला की मी त्याच विषयात काम करणाऱ्या पण त्या प्रयोगात नसलेल्या माणसाला विचारते. उत्तर येईपर्यंत लेख पडून राहतो, राहू दे.

बाकीच्या पटापट सांगते. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, वेळ नाही, तेव्हा "अनेक प्रकाशवर्षांपूर्वी" लिहू नका. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदीर मथळ्यात आले पाहिजेत, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात नाही. "शास्त्रज्ञांच्या मते" म्हणजे कुठल्या, किती जणांच्या? संशोधनात "सिग्निफिकंट" दिसलं की लगेच "महत्त्वाचा परिणाम" करू नका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे, फरक स्वतः चिमूटभरही असू शकतो. हिग्ज बोसॉन या मूलकणाला देवकण म्हणणं सोडा, देवाचा त्यात काही संबंध नाही आणि बऱ्याच शास्त्रज्ञांना ते नाव आवडत नाही.

आणि लेख झाला की विज्ञान सोडून दिलेल्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा, मग "कळलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तो परिच्छेद खोडा आणि पुन्हा लिहा.