पिकअप खडतर वाटांसाठी तयार करताना कामांचा क्रम कसा ठेवावा

पिकअप दारात आला की पहिली इच्छा होते ती गाडी उंच करण्याची. माझं सांगणं उलट आहे. उंचीचं काम सगळ्यात शेवटी करा. स्प्रिंग वजन बघून निवडायची असते, आणि गाडीचं खरं वजन बाकीचं सगळं सामान चढल्याशिवाय कळत नाही. आधी उंची वाढवून मग बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) बसवली, तर पुढचा भाग पुन्हा खाली बसतो आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

सुरुवात वजनकाट्यापासून

टाकी पूर्ण भरा, हौदा रिकामा ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडीचं, एकदा फक्त पुढच्या चाकांचं आणि एकदा फक्त मागच्या चाकांचं, अशी तीन वजनं लिहून घ्या. कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन गाडीच्या कागदपत्रांत असतं. त्यातून काट्यावरचा आकडा वजा केला की जे उरतं, तेवढ्यातच माणसं, सामान आणि सगळे बदल बसवायचे आहेत. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा वेगळी असते, तीही तपासा.

लोखंडी बंपर 50 किलोच्या आसपास, विंच 30-40 किलो, छतावरचा तंबू 50 ते 70 किलो. पाणी लिटरला एक किलो. डिझेल लिटरला साधारण 0.83 किलो, म्हणजे 20 लिटरचे दोन कॅन 33 किलोंचे, कॅनचं वजन वेगळं. हे सगळं कागदावर मांडलं की निम्म्या वस्तू आपोआप यादीतून गळतात.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. डबल कॅब पिकअपचा हौदा बराचसा मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे येतो. तिथे जड पेट्या आणि त्यावर मागच्या बंपरला स्टेपनी टांगली, तर प्रत्येक खड्ड्यात तो भार पहारीसारखा चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, जोर देतो. अशाने चासी कॅब आणि हौद्याच्या मधल्या फटीपाशी वाकते. पाण्याची टाकी, बॅटरी, हत्यारांची पेटी केबिनच्या भिंतीला चिकटून आणि शक्य तितकी खाली ठेवा.

टायर आणि त्यातली हवा

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर टायरवर करा. खडी, माती आणि डांबर असा मिश्र प्रवास असेल तर ऑल-टेरेन टायर पुरेसे आहेत. मड-टेरेन चिखलात उत्तम, पण डांबरावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. कोणतेही घ्या, बाजूची भिंत मजबूत असलेले घ्या. टोकदार दगड बहुतेक वेळा तिथेच टायर फाडतो.

मोठा टायर घेण्याआधी गणित करा. टायरवरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. 245/70 आर 16 या टायरचा व्यास सुमारे 749 मिमी, 265/70 आर 16 चा 777 मिमी. फरक 28 मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, 14 मिमी. शिवाय स्पीडोमीटर 100 दाखवत असताना गाडी जवळजवळ 104 ने धावत असते. म्हणून एका मापाने वाढ केली तर चालते, त्यापुढे गिअर आणि ब्रेक दोन्हींवर ताण येतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हेही बघा.

आता हवा. रस्त्यावर 32-35 पीएसआय चालवत असाल तर दगडी वाटेवर 22-25 आणि मऊ वाळूत 15-18 पर्यंत उतरा. वाळूत व्हॉल्व्हमधून हवा सोडताना टायरकडे नीट बघत राहा. सुरुवातीला काहीच होत नाही, मग जमिनीलगतची भिंत हळूहळू फुगते आणि टायरचा ठसा लांब होत जातो. रुंदीपेक्षा लांबीच जास्त वाढते, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी, आणि त्यामुळेच गाडी रुतत नाही. मी कितीतरी अडकलेल्या गाड्या केवळ हवा कमी करून बाहेर निघताना पाहिल्या आहेत. मात्र इतक्या कमी हवेवर वेग 30 च्या आत ठेवा आणि झटक्याने वळू नका, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर परतण्याआधी हवा भरा. त्यासाठी चांगला काँप्रेसर आणि विश्वासू गेज गाडीतच हवेत.

गाडी ओढून काढण्याची जागा

इथे हयगय अजिबात नको. पुढे-मागे दिसणारे पातळ हूक बऱ्याचदा गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधण्यासाठी असतात, रुतलेली गाडी ओढण्यासाठी नसतात. चासीला बोल्टने जोडलेले, भारक्षमता कोरलेले हूक पुढे आणि मागे बसवून घ्या. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. त्याने माणसं मेली आहेत. दोर ताणलेला असताना सगळ्यांना लांब उभं करा आणि दोरावर जाड घोंगडी किंवा डँपर (दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारं वजनदार कापड) टाका.

विंच गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्या. 3,000 किलोची गाडी असेल तर 4,500 किलोची. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वर गुंडाळलेल्या प्रत्येक थरागणिक ती घटते. म्हणून दोर जमेल तितका लांब सोडून ओढा. विंच परवडत नसेल तर फावडं आणि वाळूत चाकाखाली सरकवायच्या दोन फळ्या घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

पोट आणि पाणी

इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि इंधनटाकी यांच्याखाली संरक्षक पत्रे लावा. ऑइल बदलायला भोक आणि हवा खेळायला खाचा असलेलेच पत्रे निवडा.

पाण्यासाठी सगळे स्नॉर्केल (इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी) बसवतात आणि डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याची, श्वासनळी विसरतात. लांब चढ चढून तापलेला डिफरन्शियल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मी एकदा असाच प्लग उघडला, तर सोनेरी तेलाऐवजी दुधाळ करड्या रंगाचा दाट लगदा बाहेर आला. बेअरिंग वाचले ते नशिबाने. श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचं तोंड बोनेटखाली उंचावर नेऊन बांधा. तासाभराचं काम आहे. स्नॉर्केल बसवलं तर त्याचा प्रत्येक जोड हवाबंद आहे का ते तपासा, कारण पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात.

जादा दिवे किंवा दुसरी बॅटरी लावायची असेल तर एवढंच लक्षात ठेवा: पुरेशी जाड वायर, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

आता उंची

सगळं चढवून, प्रवासाचं सामान भरून पुन्हा वजनकाट्यावर जा. आता हातात आलेल्या आकड्यांवरून पुढच्या कॉइल स्प्रिंग आणि मागची कमान (पाट्यांची स्प्रिंग) निवडा. रोजचं वजन कमी असेल तर कडक कमान घेऊ नका; रिकाम्या हौद्याची गाडी उड्या मारते आणि चाक जमीन सोडतं.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होत असेल, तर 50 मिमीवर थांबा. त्यापुढे सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचे वळणारे सांधे) तिरके होऊन लवकर झिजतात. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळत असतानाही ताणल्या जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर घेऊन बघा. आणि लिफ्टने फक्त चासी वर जाते. सलग मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, तो टायरनेच वर जातो. उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर गेलेला असतो, त्यामुळे आडव्या उतारावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर कलंडते.

काम झालं की अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. असे बदल तुमच्या नोंदणीच्या नियमांत आणि विम्यात बसतात का, हे मात्र काम सुरू करण्याआधीच विचारा.

पहिल्या 500 ते 1,000 किलोमीटरनंतर कमानीचे यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे ते सैल होतात. आवळल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या मुक्कामी गाडीखाली टॉर्च मारली आणि रेघ तुटलेली दिसली, तर तो नट हलला आहे.