वस्तऱ्याने दाढी शिकताना या चुका टाळा

नवखा माणूस वस्तऱ्याच्या धारेला घाबरतो. घाबरायचंच तर बोथट वस्तऱ्याला घाबरावं. धार कमी असली की केस कापला न जाता ओढला जातो. ओढला की आपण नकळत दाबतो, आणि दाबलं की पातं कातडीत शिरतं. मग रक्त पुसत माणूस म्हणतो, ‘फारच धारदार आहे बुवा हे प्रकरण,’ आणि वस्तरा कपाटात जातो तो कायमचा. खाली सांगितलेल्या चुका वरवर वेगवेगळ्या दिसतील, पण त्यांतल्या बऱ्याचशा हाताच्या दाबापाशीच येऊन थांबतात. म्हणून काही बिघडलं की दोन प्रश्न विचारायचे: मी दाबतोय का? आणि मला दाबावं का लागतंय? दुसरा प्रश्न जास्त कामाचा.

दाबायची सवय येते कुठून

बहुधा कार्ट्रिजच्या, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या रेझरमधून. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज बाजारात आलं, १९७७ मध्ये मान हलवणारं. त्वचेशी कोन जुळवायचं काम तेव्हापासून रेझरचं डोकंच करू लागलं. आपण टेकवायचं आणि ओढायचं. थोडं दाबलं तरी खपून जातं. वस्तऱ्याला आणि सेफ्टी रेझरला (दुधारी ब्लेड बसवायच्या) हलणारी मान नसते. कोन किती, दाब किती, त्वचा ताणलेली आहे की नाही, हे सगळं आपल्याकडे येतं. वर्षानुवर्षं मुरलेली सवय एका आठवड्यात सुटेल अशी अपेक्षा धरू नका.

ब्लेडच्या वस्तऱ्यालाच ‘शिकाऊ वस्तरा’ समजणं

ब्लेडचा वस्तरा म्हणजे ज्यात बदलायचं ब्लेड बसवतात तो. ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण हिशेब सोपा वाटतो. धारेसाठी दगड नको, पट्टा नको, ब्लेड बदललं की धार नवी. आधी यावर हात बसवू, मग खऱ्या वस्तऱ्याकडे जाऊ.

अडचण अशी की ही दोन हत्यारं दिसायला सारखी असली तरी हातात अगदी वेगळी वागतात. खरा वस्तरा जड असतो, त्याची पाठ जाड असते, आणि केस कापताना त्याच्या पात्यातून बारीक खरखर ऐकू येते. कोन चुकला की आवाज बदलतो, हाताला अंदाज येतो. ब्लेडचा वस्तरा हलका. त्यात बसवलेलं अर्धं ब्लेड सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचं, धार कारखान्यातून आलेली आणि अतिशय तीक्ष्ण. चूक झाली की तो आधी काही सांगत नाही, सरळ कापतो. शिवाय ब्लेडचे दोन्ही कोपरे उघडे असतात. हनुवटीच्या वळणावर किंवा ओठाच्या कडेला आधी टेकतो तो कोपरा. तिथला काप बारीक असतो, पण रक्त बराच वेळ थांबत नाही.

सलूनमध्ये ब्लेडचाच वस्तरा चालतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावता येतं. तिथे ते बरोबरच आहे. पण तो हात रोज अनेक दाढ्या करणाऱ्याचा असतो, आणि दुसऱ्याचा चेहरा समोर सरळ दिसत असतो, आरशात उलटा नाही.

तरीही ब्लेडच्या वस्तऱ्यानेच सुरुवात करायची असेल तर करा, मात्र खऱ्या वस्तऱ्याइतकाही दाब नको. दुधारी ब्लेडचे दोन तुकडे करताना ते कागदाच्या वेष्टणातच ठेवून मधोमध मोडा. बसवल्यावर ब्लेडची कड दोन्ही टोकांना सारखीच बाहेर आली आहे ना, ते उजेडात धरून बघा. एक टोक जरा जास्त बाहेर राहिलं तर तेच टोक चावणार.

माझं विचाराल तर शिकायचा क्रम आधी सेफ्टी रेझर, मग खरा वस्तरा असा असावा. ब्लेडचा वस्तरा सगळ्यात शेवटी.

नवा वस्तरा म्हणजे तयार वस्तरा, हा समज

पुष्कळ नवे वस्तरे कारखान्याची कच्ची धार घेऊनच येतात. हातावरचे केस त्याने निघाले म्हणून खूश होऊ नका. ते चांगल्या सुरीनेही निघतात. दाढीची धार त्याच्या बरीच पुढची असते. साधारण एक हजार ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर धारेचा पाया बसतो, मग चार हजार, आठ हजार असं चढत जायचं आणि त्याहून बारीक दगडावर शेवट करायचा. स्वयंपाकघरातली सुरी ज्यावर घासतो त्या दगडावर हे होत नाही. पहिल्यांदा जाणकाराकडून धार लावून घ्या. धार कशी असते हे माहीतच नसेल तर ती गेलेली कळणार कशी? अगदी स्वस्तात मिळणाऱ्या वस्तऱ्याच्या आकाराच्या वस्तूंपासूनही दूर राहा. त्यांतल्या अनेकांचं पोलाद धार धरतच नाही, आणि शिकणारा मात्र दोष स्वतःच्या हाताला देत बसतो.

पट्ट्यावर धार घालवणं

धार दगडावर लागते आणि चामड्याच्या पट्ट्यावर राखली जाते. नवशिक्याच्या हातून ती जातेही तिथेच.

वस्तरा पट्ट्यावर सपाट टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकदम चामड्याला लागतील असा. चालवताना पाठ पुढे आणि धार मागे. दगडावर याच्या उलट, तिथे धार पुढे असते. पट्ट्याच्या टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर लोळवून दुसऱ्या बाजूला उलटवायचा. पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही. चूक होते ती नेमकी या उलटवण्याच्या क्षणी. वेग पकडायची घाई असते, पाठ अर्धा क्षण वर उठते, धार चामड्यात रुतते. पट्ट्यावर चीर पडते, ती दिसते तरी. धारेची कड दुमडते, ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गालावर कळते.

पट्टा सैल धरला तर तो झोळ खातो आणि धारेला गोलाई येते. ताणून धरा, पण वस्तरा त्यावर दाबू नका. दाढीच्या आधी तीसेक फेऱ्या पुरतात. वेगाने सपासप फिरवायचं दृश्य देखणं असतं, पण सावकाश फिरवलं म्हणून धार कमी लागत नाही.

फेसाची फसवणूक

भरपूर फुगलेला पांढराशुभ्र फेस म्हणजे चांगला फेस नव्हे. त्यात हवा जास्त, पाणी कमी. चांगला फेस दह्यासारखा घट्ट, ओला आणि चकाकणारा दिसतो, आणि बोटांत चोळला तर बोटं सटकतात. बुडबुडे दिसत असतील तर अजून फिरवा. चेहऱ्यावर मिनिटभरात सुकत असेल तर ब्रशला चार थेंब पाणी लावा.

फेसाइतकंच महत्त्व आधीच्या पाण्याला आहे. कोरडा केस चिवट असतो, भिजला की बराच मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. म्हणून अंघोळीनंतर दाढी करणं सगळ्यात सोयीचं. वस्तऱ्याने हळू दाढी होते, त्यामुळे एका गालाचं काम चालू असताना दुसऱ्या गालावरचा फेस वाळतो. आधी एकाच बाजूला लावा.

कोन आणि ताण

वस्तऱ्याचा त्वचेशी कोन साधारण तीस अंशांचा. अंश कोण मोजणार? तेव्हा असं बघा: पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीएवढी किंवा तिच्या दुपटीएवढी फट असावी. फट जास्त झाली की वस्तरा खरवडतो, अजून वाढली की कापतो. अगदी आडवा ठेवला तर केस ओढतो आणि खुंट मागे राहतात.

त्वचा ताणणं हे दुसऱ्या हाताचं काम, आणि ते वस्तरा धरणाऱ्या हाताइतकंच अवघड आहे. उजव्या गालासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाजवळची त्वचा वर ओढायची. बोटं साबणाने निसरडी झालेली असतात. ती पुसून कोरडी करा, किंवा ओली तुरटी बोटांना चोळा म्हणजे पकड येते. जबड्याच्या कडेवर सरळ वस्तरा फिरवू नका. तिथली त्वचा गालावर वर ओढून घ्या, म्हणजे मानेचा भाग हाडावरून सपाट जागी येतो, आणि मग कापा. कंठमण्याचंही तसंच: त्वचा बाजूला सरकवायची, वस्तरा उंचवट्यावर चढवायचा नाही.

वस्तरा नेहमी धार पुढे ठेवून, सरळ चालवायचा. धारेच्या रेषेत आडवा सरकला की काप पडतो, दाब कितीही कमी असला तरी. फटकारे छोटे ठेवा. आणि हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका. पडू द्या. वस्तरा पुन्हा घेता येतो.

एका दिवसात पूर्ण दाढी

पहिले काही दिवस फक्त दोन्ही गाल, कल्ल्यांपासून खाली. बाकी सगळं सवयीच्या रेझरने. गाल नीट जमले की जबडा, मग मान; हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी. कामावर निघायच्या घाईत नवीन जागेला हात घालू नका.

केसांची दिशाही आधी ओळखून ठेवा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटाने चाचपा: ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती सुलटी, टोचतं ती उलटी. गालावर सुलटी दिशा खाली असते, पण मानेवर अनेकांचे केस आडवे किंवा भोवऱ्यासारखे वाढतात. मानेवर रोज पुरळ उठत असेल तर ब्लेड बदलण्याआधी हे तपासा. सुरुवातीला फक्त सुलटी दाढी. मग पुन्हा फेस लावून केसांना आडवी. उलट्या दाढीची निकड सहसा नसतेच. कुरळ्या केसांच्या माणसाने तर ती टाळावीच, कारण फार खोल कापलेला केस त्वचेच्या आत वळतो आणि तिथे फोड येतो.

सेफ्टी रेझरचे दोन-तीन घोटाळे

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी उद्योजकाच्या दुधारी ब्लेडच्या रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली, आणि पकडायची रीत आजही तीच आहे. आधी दांडा गालाशी काटकोनात धरून रेझरचं टोपण टेकवा, मग केस कापल्याचा आवाज येईपर्यंत दांडा हळूहळू खाली आणा. तोच तुमचा कोन. रेझरचं वजन पुरे, हाताने जोर लावायचा नाही.

एका बाजूने छान कापतो आणि दुसऱ्या बाजूने ओरबाडतो, ही तक्रार आली की ब्लेड तिरकं बसलेलं असतं. सैल करा, ब्लेड छोट्या कडांनी धरून मधोमध ठेवा आणि पुन्हा आवळा.

ब्लेड किती दिवस वापरायचं? केस राठ की मऊ यावर तीन ते सात दाढ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की ब्लेड नुसतं झिजत नाही. केस पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ असूनही, तो वाकून विशिष्ट कोनात आला की कडेचे सूक्ष्म टवके काढतो. म्हणून एखाद्या दिवशी अचानक ओढायला लागलं तर ब्लेड फेका, दाबून वेळ मारून नेऊ नका. ब्लेड टॉवेलने पुसायचंही नाही. नुसतं पाण्याखाली धरा.

लक्षणावरून दोष ओळखणं

दाढी झाल्यावर ओली तुरटी चेहऱ्यावर फिरवा. जिथे झोंबेल तिथे त्या दिवशी दाब किंवा कोन चुकला. फक्त मानेवर झोंबत असेल तर दिशा. सगळीकडे झोंबत असेल तर फेस किंवा धार. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके म्हणजे दाब, किंवा एकाच जागेवर परत परत फिरवणं, तेही फेस न लावता. लांब सरळ रेघ म्हणजे वस्तरा आडवा सरकला. मधेच खुंटांचे पुंजके राहिले तर ताण कमी पडला. एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेड, साबण आणि कोन तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

छोट्या कापावर गार पाणी आणि तुरटी पुरते. खोल काप स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा, तरी रक्त थांबलं नाही तर डॉक्टर. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर उघडा वस्तरा शिकण्याआधी त्यांना विचारा.

वस्तरा ठेवण्याबद्दल

साधं पोलाद रात्रभरात गंजू शकतं. धुताना धार नळाला किंवा बेसिनला लागू देऊ नका, पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने पुसा, सांध्यात शिरलेलं पाणी टिपा, आणि बाथरूमच्या दमट हवेत ठेवू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर पात्यावर तेलाचा पातळ हात. वस्तरा दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा घ्यायचा नाही. हेपेटायटिस बी आणि सीसारखे आजार रक्तातून पसरतात. जुनी ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करूनच बाहेर काढा.